खाणीचा ढिगारा सावरला की नाही, हे उपग्रहाने ठरवावे की पायी मोजणीने?

रानवाटा_चंद्रपूर
कोल इंडियाच्या ज्या खुल्या खाणींतून वर्षाला कोळसा आणि वरची माती मिळून 50 लाख घनमीटरांहून अधिक उत्खनन होते, त्यांची जमीन कितपत सावरली, हे कोल इंडियाचीच रांचीतील नियोजन संस्था सीएमपीडीआय दरवर्षी उपग्रहचित्रांवरून तपासते. लहान खाणींची पाळी तीन वर्षांनी येते. ही व्यवस्था मोलाची आहे, मात्र तिच्यावर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते. खाणीतून काढलेल्या माती-दगडांच्या ढिगाऱ्यावर लावलेल्या सुबाभळीच्या दाट छायेखाली मीटरभराची चौकट आखून बसले की दगडगोटे, वाळका पाला आणि सुबाभळीचीच रोपे दिसतात. करंज, शिसव किंवा साग आपणहून रुजल्याची खूण सापडत नाही. वरून मात्र तो सगळा भाग हिरवागार दिसतो. म्हणून प्रत्येक ढिगाऱ्यावर कायमच्या चौकटी आखून दर पावसाळ्यानंतर रोपांची जातीनिहाय मोजणी व्हावी आणि ती गावाला पाहायला मिळावी.

नकाशावाला
मोजणार कोण, हा प्रश्न आपण बाजूला ठेवलात. लागवडीचा कंत्राटदारच रोपे मोजणार असेल, तर त्या नोंदवहीवर मी विश्वास ठेवणार नाही. सेंटिनेल-2 उपग्रहांची 10 मीटर तपशिलाची चित्रे फुकट मिळतात, त्यामुळे गावातला कोणीही दावा पडताळू शकतो. शिवाय ऑक्टोबर आणि मे अशी दोन चित्रे शेजारी ठेवली, तर पानगळीचा साग आणि बारमाही हिरवी वेडी बाभूळ बऱ्याच अंशी वेगळी काढता येतात.

रानवाटा_चंद्रपूर
दोन ऋतूंची तुलना मान्य. पण झाडांच्या छायेखाली काय रुजते आहे आणि मातीत काय चालले आहे, ते त्यातूनही कळत नाही. नागपूर जिल्ह्यातील गुमगावच्या मँगनीज ढिगाऱ्यांवर नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने साखर कारखान्याची मळी (प्रेसमड), हवेतला नत्र मुळांशी बांधणारे रायझोबियम जीवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी वापरून झाडे वाढवली. तेथे मातीतला नत्र आणि सूक्ष्मजीव तपासले गेले, म्हणून त्या यशावर विश्वास ठेवता येतो.

डिचोलीकर
आपण दोघेही झाडांपाशीच थांबलात. गोव्यात 2012 मध्ये खाणकाम थांबले, पण ढिगाऱ्याखालच्या शेतकऱ्याची चिंता थांबली नाही. वर लागवडीचा आकेशिया (बाभळीच्या कुळातले झाड) कितीही माजला, तरी पावसात माती शेतात उतरते की नाही, हे त्याला आधी हवे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2020 च्या आदेशातही खाणीची जमीन पुन्हा गवताखाली आणून चारा, इतर वनस्पती आणि प्राणी यांच्या वाढीस योग्य करावी, असे म्हटले आहे. तेथे चारा पहिला येतो आणि आपल्या दोन्ही पद्धतींत गवताचा विचारच नाही.

नकाशावाला
गवताचा मुद्दा रास्त आहे, आणि त्यासाठी जमिनीवर उतरावे लागेल हेही खरे. तरीही दरवर्षीच्या मोजणीचा आग्रह मला पटत नाही. कोळसा खाणबंदीच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत एस्क्रो खात्यातील (खाणबंदीच्या कामासाठी कंपनीने राखून ठेवायच्या ठेवीतील) 80 टक्क्यांपर्यंत रक्कम दर पाच वर्षांनी कामाच्या प्रगतीनुसार परत देण्याची तरतूद होती. पैसे सुटण्याआधी, उपग्रहचित्रावरून ऐनवेळी निवडलेल्या जागांवर त्रयस्थ पथकाने मोजणी करावी, एवढे पुरे आहे.

रानवाटा_चंद्रपूर
त्रयस्थ पथक आणि ऐनवेळी निवडलेल्या जागा, दोन्ही मान्य. पाच वर्षांचे अंतर मात्र मान्य नाही, कारण चंद्रपूरच्या उन्हाळ्यात रोप मरते ते बहुधा पहिल्या-दुसऱ्या मे महिन्यात, आणि पाचव्या वर्षी पथक येईपर्यंत ती जागा घाणेरीने व्यापलेली असते.