नवोदयला नंबर लागलाय, पण पाठवावं का?

रानवारा: पुतण्याचा सहावीसाठी जवाहर नवोदय विद्यालयात नंबर लागलाय. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं फुकट. दादाने पत्र्याची पेटीसुद्धा आणली, वहिनी मात्र हटून बसल्यात. मी वहिनींच्या बाजूने. एवढंसं पोर घरातून उचलायचं कशाला? शिकवणी गावातही लावता येते.

नीलगिरीकर: मी नवोदयचाच, नीलगिरी हाऊस. शिकवणी कोणाला परवडते हो? तिथल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, त्या उगाच नाहीत. मेसच्या रांगेत शेतमजुराचा पोरगा आणि साहेबाचा पोरगा मागेपुढे, ताट आपलं आपण घासायचं. नववीत मायग्रेशनवर, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या नवोदयशी पोरांची अदलाबदल होते त्यात, वर्षभर हिंदी पट्ट्यातल्या नवोदयला होतो. पहिला महिना रडलो, नंतर परत यायला नको वाटत होतं.

दोन लेकरांची आई: तुमचं बरं झालं म्हणून सांगताय. माझा भाऊ एका खाजगी वसतिगृहात होता. रात्री गादी ओली व्हायची, पोरं चिडवायची, म्हणून तीच उलटी करून झोपायचा. फोनवर कायम ‘मजेत आहे’, कारण मागे पोरांची रांग उभी. आम्हाला हे कळलं त्याच्या लग्नानंतर!

साताऱ्याचा: वाईट झालं, पण म्हणून वसतिगृहंच नकोत? भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एकत्र ठेवली. पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ते बोर्डिंग नसतं तर कितीतरी घरांत आजही अंगठाच असता.

दोन लेकरांची आई: तेव्हा गावात शाळाच नव्हती, दादा. आता आहे ना? जिल्ह्यातली हुशार 80 पोरं दरवर्षी निवडून न्यायची आणि झेडपीची शाळा ओस पडली म्हणून गळा काढायचा. ज्यांचा नंबर लागला नाही त्यांनी काय करायचं?

नीलगिरीकर: मुद्दा मान्य. पण झेडपीची शाळा सुधारेपर्यंत हा पुतण्या बारावी होऊन बाहेर पडलेला असेल. व्यवस्थेचं भांडण एका पोराच्या डोक्यावर कशाला?

साताऱ्याचा: रानवारा, आधी जाऊन बघा. हाऊस मास्टर, म्हणजे पोरांचं हाऊस सांभाळणारे शिक्षक, आवारातच राहतात का, रात्री ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं, आणि मोठी पोरं लहानांकडून कपडे धुवून घेतात का. शेवटचं मास्तरांना नाही, सातवीतल्या पोरांना विचारा.

रानवारा: रविवारी जातोय, वहिनीही येतायत. माझं मत अजून तेच आहे.