नोंद अशी हवी की पाठाचं टाचण बदलेल

शिक्षकाने वर्गाच्या नोंदीत ‘वर्ग चंचल, काही मुलं मागे’ एवढंच लिहिलं तर त्यावर पाठाचं नियोजन होत नाही, हे म्हणणं अगदी पटलं. नोंद मोजता येईल अशी हवी: ३६ पैकी ९ जण हातच्याची वजाबाकी चुकतात. पण तेवढ्यानेही भागत नाही, चूक कोणती तेही कळायला हवं. त्यासाठी ५२ − २७ देऊ नका. दोन वेगळ्या चुकांनी उत्तर ३५च येतं. ५३ − २७ द्या. ३४ आलं तर मूल ७ मधून ३ वजा करतंय, त्याला दशकाचा गठ्ठा सुटा करून दहा एकक दाखवावे लागतील. ३६ आलं तर दशक घेतला, पण ५चे ४ करायचे राहिले. इथे ५ खोडून वर ४ लिहिण्याचा सराव बहुधा पुरतो. दोघांना एकच उजळणी दिली तर निम्म्यांचा वेळ वाया जातो.