मदत हवी आहे: रेसिंग ड्रोनच्या मोटरचे क्रमांक जुळत नाहीत

नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात भाऊ आणि मी पाच इंची (पंख्यांच्या मापाने) ड्रोन जोडतोय. यूएसबीचं तोंड बाजूला यावं म्हणून फ्लाइट कंट्रोलर (ड्रोन सांभाळणारा मुख्य बोर्ड) उजवीकडे ९० अंश फिरवून बसवला. बीटाफ्लाइटमध्ये (त्या बोर्डाच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर) यॉ, म्हणजे आडवं वळण, ९० टाकल्यावर स्क्रीनवरचं मॉडेल बरोबर झुकतं. पण मोटर टॅबमध्ये १ नंबरचा स्लायडर सरकवला की मागच्या उजवीऐवजी मागची डावी फिरते. म्हणजे त्या सेटिंगने फक्त जायरोची (बोर्डावरच्या हालचाल मोजणाऱ्या सेन्सरची) दिशा बदलते ना? आता रिसोर्स कमांडने (कोणती मोटर कोणत्या पिनवर हे ठरवणारी आज्ञा) क्रमांक बदलावे की तारा नव्याने सोल्डर कराव्या? नंतर फिरण्याची दिशाही तपासावी लागेल का?

फेलसेफ (रिमोटचा सिग्नल तुटल्यावरची सुरक्षा) ठीक आहे. वावरातल्या पऱ्हाट्याही निघाल्यात, पण शेजारी बाया कामाला असतात. खात्री झाल्याशिवाय पंखे लावणारच नाही. कोणी केलं असेल तर कमांडसकट सांगा जी.