खडक, दगड आणि खनिज: मुलांच्या कार्यपत्रिकेत कोणता शब्द वापरावा?

प्रश्नकर्ती:
पाचवी-सहावीच्या मुलांसाठी असलेल्या, खडक आणि खनिजे या विषयावरच्या एका इंग्रजी कार्यपत्रिकेचे मी मराठीत भाषांतर करत आहे आणि पहिल्याच सूचनेशी अडले आहे. प्रत्येक मुलाने घराच्या आसपासून एक 'रॉक' आणावा, भिंगातून पाहावा आणि दिसेल ते लिहावे, अशी ती सूचना आहे. मी 'एक खडक आणा' असे लिहून मसुदा सहावीतल्या भाचीला वाचायला दिला, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, खडक कसा आणणार? तो तर जमिनीत असतो. आणता येतो तो दगड." तिचे बरोबर आहे असे मला वाटते. मात्र 'दगड' लिहावे तर पुढच्याच पानावर 'खडकांचे प्रकार' सुरू होतात, आणि मुलाच्या हातातली वस्तू व धड्यातला शब्द यांची ताटातूट होते. 'खनिज' या शब्दाचीही तीच गत आहे. भूगोलात खनिजे खाणीतून निघतात आणि आहाराच्या धड्यात ती नाचणीतून व पालेभाज्यांतून मिळतात. हा एकच शब्द दोन्हीकडे कसा, हे मला मुलांच्या भाषेत सांगता आलेले नाही. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

भूगोलाचे निवृत्त शिक्षक:
ताई, तुमच्या भाचीने मराठीचा स्वभाव अचूक ओळखला आहे. विहिरीला खडक लागतो आणि पायाला दगड लागतो. जागचा न हललेला तो खडक, सुटून हाती आला की दगड, पाण्याने घासून गुळगुळीत झाला की गोटा, फोडून बारीक केला की खडी. 'खडकाचा तुकडा आणा' असे लिहिल्यास दोन्ही टोके सांधली जातील.

खनिज म्हणजे खाणीत जन्मलेले, ही व्युत्पत्ती मुलांना सांगण्याचा मोह मात्र टाळावा. नदीच्या वाळूतला गारगोटीचा कण कोणत्याही खाणीतून आलेला नसतो, तरी तो खनिजाचाच कण असतो. निसर्गात तयार झालेला, ठरावीक रासायनिक घडणीचा आणि आत अणूंची नियमित मांडणी असलेला घन पदार्थ, एवढी व्याख्या सहावीच्या मुलांना पेलते. आहारातल्या लोह-कॅल्शियमसाठी आमच्या वेळी 'क्षार' हा शब्द होता. तो परत आणावा.

शब्दापेक्षा मोठी अडचण मला वेगळीच दिसते. भिंगातून खडकातली खनिजे पाहण्याची सूचना ग्रॅनाइटच्या प्रदेशात लिहिली गेली असावी, कारण ग्रॅनाइटमधली गारगोटी, फेल्डस्पार आणि अभ्रक नुसत्या डोळ्यांनीही वेगवेगळी ओळखता येतात. आपल्या राज्याचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून झालेल्या बेसाल्टचा आहे. त्यात प्रामुख्याने फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजे असली, तरी लाव्हा भराभर निवल्यामुळे त्यांचे कण इतके बारीक राहिले आहेत की मुलांना भिंगातूनही बहुधा सलग काळा दगडच दिसेल. त्यांना निराश करण्यापेक्षा, ज्याच्या जुन्या वायुपोकळ्यांत जिओलाइट नावाचे पांढरे खनिज भरलेले आहे असा बेसाल्टचा तुकडा शोधायला सांगावे.

एक भाषांतरकार:
सरांचे विवेचन पटले. परंतु त्यांच्यासारख्या जाणकारानेही 'बेसाल्ट' सहजपणे लिहावे, याचे वाईट वाटले. असित म्हणजे काळा आणि अश्म म्हणजे दगड, यावरून घडवलेला 'असिताश्म' हा शब्द आपल्याकडे आहे. वालुकाश्म आणि जीवाश्म हे शब्द मुले आज बिनदिक्कत वापरतात. असिताश्म त्यांच्या कानावरच पडला नाही तर तो रुळणार कसा?

विहिरी खोदणाऱ्या कुटुंबातील एक वाचक:
असिताश्म हा शब्द आमच्या तीन पिढ्यांत कोणी उच्चारलेला नाही आणि तरीही त्या खडकाला मराठीत नाव नव्हते असे झालेले नाही. आमचे आजोबा पहारीच्या आवाजावरून सांगत की आता मुरूम संपला, आता मांजऱ्या लागला, याच्याखाली काळा पाषाण आहे आणि सुरुंगाशिवाय तो फुटणार नाही. मुरूम म्हणजे तोच काळा खडक झिजून भुसभुशीत झालेला. खडकाची झीज शिकवण्यासाठी याहून चांगले शब्द कोणते? वालुकाश्म रुळला, कारण तो ऐकताच वाळू डोळ्यांसमोर येते. 'असित' ऐकून मुलाच्या डोळ्यांसमोर काय येणार?

भाषांतरकार:
'काळा पाषाण' हा शब्द सुंदर आहे, पण काळा दिसणारा प्रत्येक दगड बेसाल्ट नसतो. शास्त्राला एका वस्तूसाठी एकच नाव लागते. बोलीभाषेविषयीच्या जिव्हाळ्याने ही गरज भागत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील शिक्षिका:
आमच्याकडे सड्यावरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरच्या शाळेतला मुलगा दगड आणेल तो जांभ्याचा, काळ्या पाषाणाचा नव्हे, याची कार्यपत्रिकेत नोंद असावी. माझी आई जांभ्याचे नाव जांभळाच्या रंगावरून आले असे सांगायची. मला तो दगड तांबडाच दिसत आला आहे. घरासाठी कापलेला त्याचा ठोकळा म्हणजे चिरा. चिरता येतो म्हणून चिरा, असे मी मुलांना सांगते. फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी १८०७ मध्ये मलबारातील याच दगडाला 'लॅटेराइट' हे नाव दिले, तेही विटेच्या लॅटिन शब्दावरून, कारण लोक तो मऊ असताना विटांसारखा कापत आणि उघड्यावर तो कठीण होई. म्हणजे आमच्या चिरेखाणीवरच्या कामगाराने आणि त्या साहेबाने एकाच गुणावरून नाव ठेवले.

'कातळ' या शब्दावरून मात्र मी एकदा घाटावरच्या सहकाऱ्यांशी वाद घातला आहे. त्यांच्या मते कातळ म्हणजे उभा कडा. आमचा कातळ पायाखाली आडवा पसरलेला असतो. कातळशिल्पे आमच्या सड्यांवर आहेत, यावरून कोणाचे बरोबर ते ठरावे.

निवृत्त शिक्षक:
बाई, लेण्याद्रीची लेणी कातळातच कोरलेली आहेत, आणि ती उभ्या कड्यात आहेत. आडवा की उभा हा मुद्दाच नाही. मातीचे पांघरूण नसलेला अखंड खडक म्हणजे कातळ.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे आभार. सरांनी सुचवल्याप्रमाणे 'खडकाचा तुकडा' असे लिहिते, आणि जांभा, मुरूम व काळा पाषाण हे तिन्ही शब्द बेसाल्ट या नावाजवळ चौकटीत देते. 'क्षार' शब्दाला मात्र आमच्या शाळेतल्या रसायनशास्त्राच्या बाईंचा विरोध आहे, कारण त्यांच्या विषयात त्या शब्दाला वेगळा, पक्का अर्थ आहे. त्यामुळे नाचणीचा प्रश्न अजून तसाच आहे. आणखी एक विचारते. मोस यांच्या काठिण्यश्रेणीत पहिल्या क्रमांकाचे, नखानेही ओरखडा उठणारे खनिज टाल्क आहे. त्याला शंखजिरे म्हणावे का?

वाचक:
अवश्य म्हणावे. आमच्या घरी कॅरमच्या पटावर टाकायच्या पुडीला शंखजिरेच म्हणत.

भाषांतरकार:
शंखासारखे पांढरे आणि जिऱ्यासारखे बारीक, म्हणून शंखजिरे. शुद्ध देशी आणि चित्रदर्शी शब्द आहे. तोच छापावा.

रत्नागिरी जिल्ह्यातील शिक्षिका:
त्यात शंखही नाही आणि जिरेही नाही. मूळ फारसी शब्द संग-ए-जराहत, म्हणजे जखमेचा दगड. त्याची पूड जखमेवर लावत. संगमरवरातला 'संग' तोच. तो मराठी कानांना शंख वाटला आणि जराहतचे जिरे झाले. जुन्या लोकांच्या तोंडी 'संगजिरे' असे रूप मी स्वतः ऐकले आहे, आणि छापायचे तर तेच छापावे, असे माझे मत आहे.

भाषांतरकार:
एका आयुर्वेदिक दुकानाच्या बरणीवर मी 'शंखजिरे' असेच वाचले आहे.