विस्तार मागणाऱ्या खडीच्या खाणीची तपासणी: आधी जुना खड्डा मोजा

निचरा (धागालेखक)

खाण वाढवायचा अर्ज आला की अधिकारी येतात आणि पाहणी होते ती नव्या जमिनीची. झाडं किती, वस्ती किती लांब, ओढा कुठून जातो. हे सगळं बघायलाच हवं. पण शेजारी जो खड्डा आधीच खणलाय त्याच्याकडे कुणी नीट बघत नाही, आणि खाणवाला परवान्याच्या अटी पाळतो की नाही याचा खरा पुरावा तिथेच पडलेला असतो.

माझं मत स्पष्ट आहे. आधीच्या परवान्यात ठरलेली खोली, हद्दीपासून सोडायची पट्टी, बाजूला जपून ठेवायची वरची माती, खणून झालेल्या भागाची दुरुस्ती, या चार गोष्टी मोजून तपासा. त्यात खोट निघाली तर ती दुरुस्त होईपर्यंत विस्ताराचा अर्ज विचारातच घेऊ नका. "पुढे करू" असं लिहून घेऊन मंजुरी द्यायची पद्धत बंद व्हावी.

खडीवाला

पूर्ण असहमत. मी याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काँक्रीटच्या आकारमानात ६० ते ७५ टक्के वाळू आणि खडीच असते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२च्या अहवालात जगाचा वाळू-खडीचा वापर वर्षाला सुमारे ५० अब्ज टन, म्हणजे पाच हजार कोटी टन सांगितलाय. तुम्ही अर्ज अडवला म्हणून ही मागणी थांबत नाही. खडी दुसरीकडून येते, जास्त लांबून येते, डंपर जास्त डिझेल जाळतात. किंवा रात्री नदीतून येते, जिथे तपासणीला कुणी जातच नाही.

चालू खाण वाढवण्यात नुकसान कमी, हेही लक्षात घ्या. रस्ता, चाळण्या, वजनकाटा, गाळ बसवायचं तळं, सगळं तयार असतं. नवी खाण उघडायची तर हे सगळं नव्या जागी उभं करावं लागतं.

आणि खणून झालेला भाग लगेच भरा म्हणणाऱ्यांनी एकदा खाणीत उतरून बघावं. त्याच तळावर खडी चाळायचा प्लांट उभा असतो, तिथूनच उतार वर जातो. तो भाग शेवटीच मोकळा होतो. त्याला अटभंग म्हणणं अन्याय आहे.

निचरा

प्लांटखालचा भाग सोडून द्या, तो मुद्दा मान्य. पण प्लांट एका कोपऱ्यात असतो. बाकीच्या उघड्या उतारांवर माती का पसरली जात नाही? बहुतेक वेळा कारण एकच असतं: ती माती राहिलेलीच नसते. कुठे भरावात गेलेली असते, कुठे चाळणीच्या टाकाऊ मालात मिसळलेली असते. मातीचा ढीग कुठे आहे हे तपासणीला आलेल्या माणसाने पहिल्या दहा मिनिटांत विचारावं.

पाझर

भूजल हा माझ्या अभ्यासाचा विषय, म्हणून तेवढ्यापुरतं लिहिते.

इथे धुळीवर आणि डंपरवर वाद रंगेल, पण नैसर्गिक गोटे-खडीच्या खाणीत खरा प्रश्न पाण्याचा असतो. हा थर म्हणजेच पाण्याचा साठा. त्याच्या आकारमानाचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग पोकळी असते आणि त्यातून पाणी झपाट्याने वाहतं. विहिरींना पाणी देणारा थर तोच आणि आपण विकतो तोही तोच.

खोदाई पाणीपातळीच्या वर थांबली तरी वरची माती गेलेली असते, म्हणजे पाणी गाळणारा थर गेला. डिझेल सांडलं तर ते लवकर खाली पोचतं. खोदाई पातळीखाली गेली की तळं तयार होतं. जमिनीखालच्या पाण्याला उतार असतो, तळ्याच्या पृष्ठभागाला नसतो. त्यामुळे तळ्याच्या वरच्या अंगाच्या विहिरींची पातळी खाली जाते आणि खालच्या अंगाला चढते. कुणी पंप लावला नाही तरी हे होतं. बाष्पीभवन वेगळंच.

आता तपासणीचं बोलू. कोरड्या महिन्यात गेलात तर तळ खडखडीत दिसणार आणि "पाणी लागलेलं नाही" असा शेरा पडणार. खोलीची मर्यादा वर्षातल्या सगळ्यात उंच पाणीपातळीवरून ठरवायला हवी, आणि त्यासाठी निरीक्षण विहिरींच्या निदान वर्षभराच्या नोंदी लागतात. एका भेटीत हे कळत नाही. तरी उभ्या कापाच्या पायथ्याशी गडद ओलसर पट्टा आहे का, खड्यांवर गंजासारखा तांबूस थर चढलाय का, एवढं तरी बघा. पाणी तिथपर्यंत चढून उतरत असल्याचा तो बऱ्याचदा इशारा असतो.

खडीवाला

पाझर, तुमचा मुद्दा पटला आणि निरीक्षण विहिरींना माझा विरोध नाही. विरोध आहे तो विस्तार अडवून ठेवण्याला. वर्षभराच्या नोंदी मागायच्या तर अर्जाच्या आधीच मागा, पहिल्या परवान्यातच घाला. माल संपत आल्यावर "आता वर्षभर मोजा" म्हणालात तर कामगार कुठे जातील?

हॉपर

कामगारांचं नाव निघालंच आहे तर मी बोलतो. चाळणीवर काम केलंय. पाहणीची तारीख आधी कळायची. त्या दिवशी सकाळपासून रस्त्यावर टँकरने पाणी मारायचे. माल वाहणाऱ्या पट्ट्यावरचे फवारे एरवी क्षार बसून तुंबलेले असायचे, ते आदल्या दिवशी साफ व्हायचे. अधिकाऱ्याला दिसायची ती त्या एका दिवसाची खाण.

दगडात क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिक सिलिका, असेल तर ही धूळ साधी नाही. श्वासावाटे आत जाणाऱ्या स्फटिक सिलिकाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, झाला की फुप्फुस पूर्ववत होत नाही. सर्वात घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत, त्यामुळे "धूळ दिसली नाही" या शेऱ्याला काही अर्थ नाही. न कळवता या, आणि कामगाराच्या अंगावर पूर्ण पाळीभर यंत्र लावून मोजा.

खडीवाला

न कळवता या, पण गेटवर नोंद करून आणि आमचा माणूस सोबत घेऊन. चालत्या लोडरच्या मागे अनोळखी माणूस फिरला तर अपघात होतो.

हॉपर

त्याला कुणाची हरकत आहे? गेटवर दहा मिनिटं थांबा म्हणा, दहा दिवस आधी कळवा म्हणू नका.

साखळी-काटा

सर्वेक्षणाचं काम करतो. निचरा यांच्या मागणीतला मोजणीचा भाग आता अवघड राहिलेला नाही. ड्रोनने खड्ड्याचं घनफळ काढता येतं. ते मूळ जमिनीच्या पातळीशी ताडून बघायचं, त्यातून माती आणि टाकाऊ माल वजा करायचा, साठ्यातले ढीग मोजायचे आणि वजनकाट्याच्या पावत्यांशी जुळवायचं. सुटी खडी घनमीटरला साधारण दीड ते पावणेदोन टन भरते, जागच्या थरात त्याहून जास्त. हा फरक धरला नाही तर हिशोब चुकतो आणि प्रामाणिक माणूसही चोर ठरतो. हद्दीचे खांब मात्र स्वतः मोजून बघा. खाणवाल्याने रंगवून दाखवलेल्या खांबावर विसंबू नका.

निचरा

खडीवाला, "नाहीतर नदीतून येईल" हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त खटकतो. पोर्तुगालमध्ये डोरू नदीवरचा हिंत्झ रिबैरो पूल ४ मार्च २००१ रोजी कोसळला, ५९ माणसं गेली. वर्षानुवर्षांच्या वाळूउपशाने खांबाच्या पायाखालचा तळ खचला होता. यातून नदीवर देखरेख हवी एवढंच निघतं, जमिनीवरच्या खाणीला सवलत द्या असं निघत नाही.

खडीवाला

सवलत मागतच नाही. जुन्या खड्ड्यातली चूक गंभीर असेल, म्हणजे हद्द ओलांडली किंवा पाणीपातळीखाली चोरून खणलं, तर अर्ज थांबवा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण मातीचा ढीग दहा फूट सरकला म्हणून अख्खा विस्तार अडवू नका. त्यासाठी दुरुस्तीच्या खर्चाएवढी अनामत घ्या आणि काम सुरू ठेवू द्या.

निचरा

अनामत चालेल, पण रक्कम आजच्या दुरुस्तीच्या खर्चावर ठरवा आणि दर वर्षी नव्याने मोजा. पहिल्या परवान्याच्या वेळची जुनी रक्कम तशीच पुढे चालवणार असाल तर माझा विरोध कायम.