गोलाकार तारकागुच्छ आकाशगंगेभोवती नेमके फिरतात कसे?

आकाशवेडा_१३:
परवा दुर्बिणीतून एम १३ हा गोलाकार तारकागुच्छ, म्हणजे लाखो ताऱ्यांचा गोळा, बघितला. आधी नुसता पुसट ठिपका, मग नजर जराशी तिरकी केली तर कडेचे तारे सुटे सुटे दिसायला लागले, अंगावर काटाच आला. तेव्हापासून डोक्यात घोळतंय की हे गुच्छ पण सूर्यासारखे आकाशगंगेच्या चपट्या तबकडीतच फिरतात का? आणि तबकडीच्या आरपार जात असतील तर एवढे लाखो तारे तिथल्या ताऱ्यांवर आपटत कसे नाहीत?

ध्रुवमत्स्य:
बहुतेक गुच्छांचं तसं नाही. सूर्य जवळपास वर्तुळात फिरतो, सेकंदाला साधारण २३० किमीने. गुच्छांच्या कक्षा मात्र लांबट आणि कशाही कललेल्या, केंद्राजवळून सुसाट जातात आणि लांब गेले की रेंगाळतात. शिवाय कक्षा पुन्हा त्याच जागी येऊन जुळत नाही, कारण आकाशगंगेचं वस्तुमान एका बिंदूत नाही, पसरलेलं आहे, म्हणून वाट पाकळ्या काढल्यासारखी होते. तबकडीबरोबर फिरणारेही काही आहेत, पण कमी.

रात्रपाळी:
आपटत नाहीत कारण जागाच प्रचंड आहे. सूर्य १ मिलिमीटरचा वाळूचा कण धरला तर सगळ्यात जवळचा तारा जवळजवळ २९ किमीवर येतो! पण तबकडी ओलांडणं फुकटात होत नाही हां, तिथलं गुरुत्वाकर्षण गुच्छाला झटका देतं आणि कडेचे सैल तारे सुटतात. पालोमार ५ हा गुच्छ बघ, त्याच्या दोन्ही बाजूंना सुटलेल्या ताऱ्यांच्या लांब शेपट्या आहेत, २००१ मध्ये सापडल्या. बिचारा हळूहळू विरतोय, मला तर फार वाईट वाटतं त्याचं.

ध्रुवमत्स्य:
आणि ओमेगा सेंटॉरी हा गुच्छ तर चक्क तबकडीच्या उलट्या दिशेने फिरतो. तो मुळात आकाशगंगेने गिळलेल्या छोट्या दीर्घिकेचा गाभा असावा असं बऱ्याच जणांचं मत आहे, मलाही तेच पटतं.

आकाशवेडा_१३:
भारी! पण एवढ्या लांबच्या गुच्छाची गती मोजतात कशी?

रात्रपाळी:
आपल्या दिशेची गती वर्णपटावरून कळते, म्हणजे प्रकाशातल्या रेषा किती सरकल्यात त्यावरून. एम १३ सेकंदाला सुमारे २४४ किमीने आपल्याकडे येतोय, अर्थात त्यातला मोठा वाटा सूर्याच्या स्वतःच्या पळण्याचा. आकाशातली आडवी सरक ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया यानाने मोजली, २०१८ च्या डेटानंतर तर जवळपास सगळ्याच गुच्छांच्या कक्षा काढता आल्या. एम १३ ची सरक इतकी बारीक आहे की आकाशात पौर्णिमेच्या चंद्राएवढं अंतर कापायला त्याला साधारण साडेचार लाख वर्षं लागतील, आणि तेवढीसुद्धा मोजली लोकांनी!