ऑफिस नसतं तेव्हा काय घालता? तिशीतल्या पुरुषांचे अनुभव

मागच्या महिन्यात मावसभावाच्या मुलाचं बारसं होतं. निघायच्या आधी कपाट उघडलं आणि बराच वेळ नुसता बघत उभा राहिलो. एका खणात ऑफिसचे फिकट निळे-पांढरे शर्ट, दुसऱ्यात कॉलेजपासून साठलेले टी-शर्ट, हँगरला लग्नातली शेरवानी. या तिन्हींच्या मधलं काहीच नाही. माझं वय 34. शेवटी ऑफिसचा एक शर्ट जीन्सवर न खोचता घातला. फोटो आले तेव्हा दिसलं की तो मांडीच्या मध्यापर्यंत आलाय. साहजिकच होतं, तो खोचण्यासाठीच शिवलेला होता.

मला फॅशनमध्ये पडायचं नाही. रविवारी मंडईत, मित्राकडे जेवायला किंवा मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला जाताना नीटनेटकं दिसायचंय, तेही आपल्या उन्हापावसात आणि आपल्या पगारात. ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी सविस्तर लिहा. फसलेली खरेदीही लिहा, त्यातून जास्त कळतं.

सुरुवात माझ्यापासून. माझ्याकडे एकच चेक्सचा शर्ट असा आहे जो घातला की बरं वाटतं. तो पलंगावर पसरून टेपनं मोजला. मागची उंची 28 इंच. ऑफिसचे शर्ट निघाले 30 आणि 31. माझी उंची पाच फूट सात. तेव्हापासून दुकानात आधी लेबल बघत नाही, टेप लावतो.

सातारा, टेलर, वय 52

मी तिशीतला नाही, पण तिशीतली गिऱ्हाइकं रोज बघतो म्हणून लिहितो. बहुतेकजण येतात आणि म्हणतात, "मास्तर, वहीत माप आहे ना, तेच धरा." ते माप लग्नाच्या वेळचं असतं, म्हणजे सहा-सात वर्षांपूर्वीचं. मधल्या काळात पोट पुढे आलेलं असतं, खुर्चीत बसून खांदे पुढे झुकलेले असतात. मी वही बंद करतो आणि टेप काढतो. दर दोन वर्षांनी माप नव्यानं द्यावं.

शर्टात सगळ्यात आधी तिरा बघा, म्हणजे खांद्याची रुंदी. बाहीची शिवण खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. ती दंडावर उतरली की शर्ट मागून घेतल्यासारखा दिसतो. छाती, कंबर, बाहीची लांबी हे सगळं अल्टर होतं. तिरा कमी करायचा म्हणजे बाह्या उसवून मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, परत कापायचा. त्यात शिलाई जाते आणि शर्ट पूर्वीसारखा बसेलच असं नाही. म्हणून रेडिमेड घेताना खांदा जुळत नसेल तर कितीही आवडला तरी ठेवून द्या.

आता पोटाबद्दल. पोट असलेला माणूस घोळदार शर्ट मागतो, वाटतं की झाकलं जाईल. पण जास्तीचं कापड बाजूंनी फुगतं आणि माणूस आहे त्यापेक्षा रुंद दिसतो. मी आरशासमोर उभं करून कमरेच्या दोन्ही बाजूंना कापड चिमटीत धरून दाखवतो. एका बाजूला दीड-दोन इंच कापड चिमटीत आलं तर बरोबर. चार इंच येत असेल तर ते कमी करायला हवं. आणि बटणांच्या मध्ये कापड ताणून फट पडत असेल तर घट्ट आहे. खाली बसून बघा, उभ्यानं फट दिसत नाही.

खोचायचा नसेल तर तसं आधी सांगा. खालची कड सरळ ठेवतो, बाजूला छोटी चीर देतो आणि उंची पँटच्या चेनच्या मध्यापर्यंत धरतो. कापड 58 इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, असेल तर फुल शर्टाला 1.60 मीटर पुरतं, 36 पन्ह्याला सव्वादोन लागतं. अंगानं मोठे असाल तर थोडं वाढवून घ्या. सुती आणि खादी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच माझ्याकडे आणा. कोरं शिवलं तर पहिल्या धुण्यात आटतं आणि मग बोल मला लागतो.

कोल्हापूर, वय 37

मास्तरांचं वाचून बरं वाटलं. मी पायापासून सांगतो. माझ्याकडं वीस-बावीस जोड्या झाल्या असतील आजवर, बुटांच्या. आता तीनच आहेत आणि त्यातली सगळ्यात जास्त वापरात असलेली कोल्हापुरी.

लोक म्हणतात चावते. चावते, कारण पहिल्याच दिवशी लग्नाला घालून जातात. हे चामडं झाडाच्या साली आणि हिरड्यानं कमावलेलं असतं, सुरुवातीला कडकच असणार. नवी आणली की रात्री पट्ट्यांना आतून-बाहेरून तेलाचं बोट फिरवायचं. मग आठवडाभर घरातच, रोज तासभर घालायची. अंगठ्यापाशी आणि वरच्या पट्ट्याखाली मऊ झाली की तुमच्या पायाचा आकार घेते. मग ती दुसऱ्याच्या पायात बसत नाही, इतकी तुमची होते. पावसात मात्र अजिबात नाही. पाणी प्यायलं की तळ फुगतो आणि वाळताना वाकडा होतो. दसऱ्यानंतर बाहेर काढायची, मृगाला आत ठेवायची.

घेताना शिवण बघा. हाताच्या चपलेला तळाशी चामड्याच्याच वादीचे टाके असतात, खिळा नसतो. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. हे काम करणारी घरं आमच्या डोळ्यांदेखत कमी होत चालली आहेत. फिक्या पँटवर, सुती शर्टावर, मोहरी, म्हणजे पँटची खालची कड, घोट्याच्या जरा वर ठेवून घाला. याच्याइतकं देखणं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

इचलकरंजी, वय 33

आमचं घर यंत्रमागाचं. कापडाबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण लोक रंग बघून घेतात आणि हात लावत नाहीत.

"प्युअर कॉटन" लिहिलेलं प्रत्येक कापड तसं नसतं. कडेचा एक धागा ओढून काडीवर धरा. सूत असेल तर कागद जळाल्याचा वास येतो आणि राख चुरगळली जाते. पॉलिस्टर असेल तर धागा आखडतो आणि टोकाला कडक मणी होतो. मिश्र कापड वाईट असतं असं नाही, इस्त्री कमी लागते, पण उन्हाळ्यात अंगाला हवा लागत नाही.

शर्टाच्या कापडात 40, 60 असे काउंट असतात. आकडा वाढेल तसा धागा बारीक आणि कापड मऊ, पातळ. रोजच्या वापराला 40चं पॉपलिन टिकतं. टी-शर्टात जीएसएम विचारा, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. 180च्या आसपास असेल तर अंगावर नीट पडतो. 140-150चा उजेडात पारदर्शक दिसतो आणि काही धुण्यांत कडेनं पिळवटतो.

नागपूर, वय 35

इकडं मे महिन्यात पारा 45च्या वर जातो, तेव्हा आमचा सगळा हिशेब उन्हाचा. मी पूर्वी हाफ शर्ट, हाफ पँटवर फिरायचो. दंड भाजून निघायचे. आता पातळ सुती फुल शर्ट घालतो, बाह्या कोपराखाली दुमडून. उन्हात उतरवतो, सावलीत परत दुमडतो. फुल शर्ट गरम होतो हा गैरसमज आहे, कापड बरोबर असेल तर उलट बरं वाटते.

खादी भांडारात 2 ऑक्टोबरच्या सुमारास सवलत असते, वर्षाचं कापड तेव्हाच घेऊन ठेवतो. गडद रंग घेत नाही, घाम वाळला की मिठाच्या रेघा दिसतात. बिनब्लीचचा पांढरा, फिका हिरवा, मातकट अशा रंगांचे चार शर्ट आहेत आणि ते कोणत्याही पँटवर चालतात.

मडगाव, वय 39

लिननबद्दल एकच. चुरगळतं म्हणून सोडू नका. कडक इस्त्री केलेलं लिनन अर्ध्या तासात वाईट दिसतं. धुऊन, झटकून, हँगरवर वाळवलेलं दिवसभर चांगलं दिसतं. चुण्या हाच त्याचा स्वभाव.

ठाणे, वय 36

माझी चूक वेगळी होती. तिशीत वजन 68वरून 81 झालं. "कमी झाल्यावर घेऊ" म्हणून तीन वर्षं नवीन कपडेच घेतले नाहीत. जुन्या जीन्सचं बटण कसंबसं लावून फिरायचो, संध्याकाळपर्यंत पोटावर वळ उठायचा. कुणाकडे जायचं टाळायला लागलो. बायकोनं एक दिवस काही न बोलता 36ची जीन्स आणून पलंगावर ठेवली. घातली आणि श्वास मोकळा झाला. त्या संध्याकाळी कितीतरी महिन्यांनी तलावपाळीवर फिरायला गेलो.

वजन नंतर सहा किलो उतरलं. त्याचा कपड्यांशी संबंध जोडत नाही, पण बाहेर पडणं सुरू झालं ते त्या जीन्समुळे हे खरं. आज अंग जसं आहे त्याला आज कपडे घ्या.

पुणे, वय 34, नवऱ्याच्या वतीनं

मी बायकोच्या नजरेतून लिहिते. तुम्ही सगळे कपड्यांवर बोलताय, पण लांबून आधी दिसते ती कॉलर आणि मान. केस दर तीन आठवड्यांनी कापले तर साधा टी-शर्टसुद्धा छान दिसतो. यांचे केस कपाळावरून मागे गेले तसे ते वाढवून झाकायचे. आमच्या केशकर्तनालयातल्या दादांनी एकदा सगळेच बारीक करून टाकले, दाढी तेवढी रेखून ठेवली. चेहरा मोकळा झाला. कॉलरला आतून मळ धरला किंवा टी-शर्टचा गळा सैल पडला की तो शर्ट मी पुसायला काढते. त्यात रागवायचं नसतं.

डोंबिवली, वय 31

पावसाचं कुणी लिहिलं नाही. जून ते सप्टेंबर लोकलनं जाताना जीन्स विसरा, भिजली की दोन दिवस वाळत नाही. पातळ गडद चिनो, म्हणजे सुती पँट, मोहरी एकदा दुमडून, आणि मागे पट्टा असलेली रबरी सँडल. पांढरे स्नीकर नोव्हेंबरला.

नाशिक, वय 38

तिऱ्याबद्दल वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचे नऊ शर्ट आईनं घडी घालून ठेवले होते. सगळे शिवून घेतलेले, सुती, बारीक चौकड्यांचे. ते अंगानं माझ्यापेक्षा मोठे, 44 छातीचे. मी 40चा. एक शर्ट घेऊन त्यांच्याच टेलरकडे गेलो. त्यांनी शर्ट उलटा केला, बाजूच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा मीच शिवलाय, आतला दाब बघ, शिवणीत सोडलेलं जास्तीचं कापड." त्यांनी साफ सांगितलं की खांदा तुझ्या मापाचा होणार नाही, जबरदस्ती केली तर कापड जाईल. मग त्यांनीच सुचवलं की हे शर्ट बटणं उघडी ठेवून, आत साधा पांढरा टी-शर्ट घालून जाकिटासारखे वापर. उंची तेवढी अडीच इंच कमी केली आणि बाह्या आखूड केल्या. खिसा ठेवायला सांगितला, बाबांचं पेन लावून लावून त्याच्या कडेला शाईचा एक ठिपका पडलाय.

नऊपैकी चार झाले. सुट्टीच्या दिवशी तेच घालतो. त्यांचं चावीचं एचएमटी घड्याळही साफ करून घेतलं, सकाळी चहा होताना चावी देतो. मुलगा विचारतो, "आजोबांचा शर्ट का?" मी हो म्हणतो.

चर्चा सुरू करणारा

सगळ्यांचे मनापासून आभार. नाशिककरांचा अनुभव दोनदा वाचला.

मी काल लक्ष्मी रोडला जाऊन दोन तुकडे घेतले, एक फिका मातकट आणि एक निळा चौकड्यांचा, प्रत्येकी 1.60 मीटर. दुकानाबाहेर येऊन धागा काडीवर धरला, दोन्हींची राख झाली. रात्री बादलीत भिजवले, आत्ता गॅलरीत वाळताहेत. निळ्याचा थोडा रंग गेलाय. इचलकरंजीकर, हे पहिल्याच पाण्याला जातं की पुढेही जात राहील? मिठाच्या पाण्यातून काढू का? टेलरकडे मंगळवारी जायचंय, त्याआधी सांगा.